आमच्या पुळणीवरची माणसं तुमच्या पुस्तकात येऊ द्या

प्राथमिक वर्गांची इंग्रजीची पुस्तकं लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि त्यांतली चित्रं काढणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या पडवीत उभं राहिलं की माडांच्या मधून समुद्र दिसतो. वर्गातली निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरातली. बाकीच्यांत कुणाची काजूची, आंब्याची बाग आहे, कुणाचे वडील चिऱ्याच्या खाणीवर जातात, कुणाचे मुंबईला असतात आणि गणपतीला व शिमग्याला येतात. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी नोकरीला लागले, म्हणजे माझी सगळी नोकरी या विषयाच्या सोबतीनेच गेली आहे. म्हणून जे सांगायचं आहे ते मोकळेपणाने सांगते.

काही वर्षांपूर्वी तिसरीला समुद्रकिनाऱ्यावरचा एक पाठ होता. पुस्तक कोणतं ते सांगत नाही, कारण असे तीन-चार पाठ मी आजवर शिकवले आहेत आणि चित्र बहुतेक सारखंच असतं. रंगीत पट्ट्यांची मोठी छत्री. खाली चटई पसरून बसलेले आईबाबा, दोघांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. एक मुलगा आणि एक मुलगी बादली-फावडं घेऊन वाळूचा किल्ला करताहेत. मागे आइस्क्रीमवाला. समुद्र निळाशार आणि रिकामा.

मी चित्र दाखवून विचारलं, काय काय दिसतंय? कुणी छत्री म्हणालं, कुणी आइस्क्रीम. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ चित्र न्याहाळत होता. त्याने विचारलं, "बाई, ही माणसां रापण ओढूक इलीत?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.

मी म्हटलं, नाही रे, फिरायला आली आहेत. तो म्हणाला, "मगे होडयो खंय आसत?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या समुद्रात एकही होडी नव्हती. जाळं नव्हतं, खारवलेली मासळी वाळत घातलेली नव्हती, टोपली डोक्यावर घेऊन भराभरा चालणारी बाई नव्हती. त्या किनाऱ्यावर कुणी काम करतच नव्हतं.

पुढे आमच्या केंद्रातल्या शाळांची चाचणी झाली. त्यात प्रश्न आला, लोक समुद्रकिनाऱ्यावर काय करतात. सोबत उत्तरसूची आली होती: 'प्ले', 'स्विम', 'मेक सँडकासल्स'. त्या मुलाने लिहिलं होतं, 'पीपल पुल नेट. माय मदर सेल फिश.' 'सेल'ला शेवटी 'एस' हवा होता, 'नेट'च्या आधी 'द' हवा होता, ते मी दुरुस्त केलं. पण मी तिथे थांबले नाही. उत्तरसूचीत नाही म्हणून अख्ख्या उत्तरावर फुली मारली. पेपर हातात पडल्यावर तो माझ्या टेबलाशी आला आणि अगदी हळू विचारता झाला, "बाई, माजी आई मासे इकता, ता खोटा?"

ते दोन गुण त्याला मिळाले नाहीत. पुढच्या चाचणीत त्याने पुस्तकातलंच उत्तर लिहिलं आणि पूर्ण गुण मिळवले. त्याच्या त्या पूर्ण गुणांचं मला आजही वाईट वाटतं. आठ वर्षांच्या पोराने स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या मनाने रचलेली इंग्रजी वाक्यं मी खोडली आणि पाठ केलेल्या चार शब्दांना शाबासकी दिली. चूक माझी होती आणि ती मी नाकारत नाही. पण त्या पाठात एक होडी असती, एक जाळं असतं, तर उत्तरसूची करणाऱ्याला ते सुचलं असतं, आणि माझाही हात थबकला असता.

पूर्वी तक्रार असायची की इंग्रजीच्या पुस्तकात सगळं विलायती असतं. आता तसं म्हणता येणार नाही. पुस्तकांतली नावं आपली झाली, जेवणाच्या ताटात पोळी-भाजी आली, दिवाळी आली, आजी-आजोबा आले. हे ज्यांनी केलं त्यांचे कष्ट मी जाणते. तरीही माझ्या वर्गाला त्या पुस्तकात आपलं घर सापडत नाही. कारण ती आपल्या नावांची माणसं राहतात शहरातल्या फ्लॅटमध्ये. बाबा बॅग घेऊन ऑफिसला जातात, घरात सोफा असतो, रविवारी सगळे बागेत जातात आणि सुट्टीत समुद्रावर. माझी मुलं ज्या गावात राहतात, ते गाव त्या पुस्तकात फक्त सहलीचं ठिकाण असतं.

परकी भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत कुणाची संस्कृती येते, याचा अभ्यास करताना मार्टिन कोर्टाझी आणि लिशियन जिन यांनी १९९९ मध्ये तीन प्रकार सांगितले. शिकणाऱ्याची स्वतःची, ती भाषा ज्यांची मायबोली आहे त्यांची, आणि उरलेल्या जगाची. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपला पहिला प्रकार तर झाला की! मग वर्गात पुस्तक उघडलं आणि मनात आलं, 'शिकणाऱ्याची स्वतःची' म्हणजे नेमकी कुठल्या शिकणाऱ्याची? पुण्यातल्या, की मालवणच्या दांडी किनाऱ्याच्या पुळणीवरच्या?

आमची माणसं पुस्तकात अजिबात नसतात असं नाही. असतात, पण ती सणाला येतात. एका पानावर दिवाळी, एकावर ईद, एकावर नाताळ. डोक्यावर टोपी घातलेला मुलगा ईदच्या पानावर शीरखुर्मा खातो आणि पुढच्या पानावर नाहीसा होतो. बाजाराच्या पाठात तो नाही, शाळेच्या पाठात नाही, पाऊस पडतो तेव्हाही नाही. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी मुसलमान कुटुंबं आहेत. त्यांतल्या एका घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. इतर सगळ्यांसारखीच ती डबा आणायची, लंगडी खेळायची, पाढे चुकायची. पुस्तकाने तिला वर्षातून एक दिवस दिला. वेंगुर्ल्याच्या, मालवणच्या ख्रिस्ती मुलांचंही तेच, फक्त दिवस डिसेंबरातला.

आणि मासे विकणारी बाई? ती लोकनृत्याच्या पानावर असते. गुडघ्यापर्यंत नेसलेलं चकचकीत लुगडं, केसांत गजरा, हातात इवलीशी टोपली, एक पाय उचललेला. सांस्कृतिक कार्यक्रमासाठी भाड्याने मिळतो तसा पोशाख. माझ्या विद्यार्थ्याची आई पहाटे उठून बंदरावर जाते. सौंदाळे, बांगडे, सुरमई यांच्या ढिगांचा लिलाव चालू असतो तिथे उभं राहून बोली लावते, किती बर्फ लागेल, किती माल उरेल याचा हिशेब डोक्यात करते, आणि बाजारात येऊन गिऱ्हाइकाशी घासाघीस करते. दापोली तालुक्यात हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी पुळणीवरच लिलाव भरतो. एकदा मुलांना घेऊन जाऊन बघा. 'हाऊ मच', 'मोअर', 'लेस', 'फ्रेश', 'टू हंड्रेड', 'नो, टू फिफ्टी'... तिसरी-चौथीचं निम्मं इंग्रजी त्या अर्ध्या तासात ऐकवता येईल. पुस्तकातल्या खरेदीच्या पाठात मात्र सुपरमार्केटची ढकलगाडी असते. माझ्या मुलांपैकी फार थोड्यांनी ती हातात धरली आहे.

त्या चाचणीनंतर मी एक केलं. मुलांना मैदानात नेलं, विहिरीचा जुना दोर आणला आणि रापण लावली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगांत माणसं ते ओढत राहतात. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, जाळ्याचा घेर आवळत जातो. मासळी आली की वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला हात लावलेलं पोरही रिकाम्या हाताने घरी जात नाही. इंग्रजीत अशा जाळ्याला शोअर सीन म्हणतात, म्हणजे ही कल्पना इंग्रजी बोलणाऱ्यांनाही अनोळखी नाही.

तर मैदानात दोन रांगा केल्या. मी म्हटलं, 'पुल!' मुलं ओरडली, 'पुल!' 'पुल द रोप!' 'स्लोली!' 'स्टॉप!' 'कम क्लोजर!' मग जाळ्यात काय आलं? 'फाइव्ह फिश!' 'बिग फिश!' 'वन क्रॅब!' वाटे पाडताना एकीने हात पुढे केला आणि म्हणाली, 'दिस इज माय शेअर.' हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. 'शेअर' हा शब्द आदल्या आठवड्यात खाऊ वाटून खाण्याच्या पाठात आला होता. तिने तो उचलला आणि नेमका बसवला. एरवी इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी मुलं त्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलली. पंचवीस मिनिटांत जे झालं ते पुस्तकातल्या छत्रीखाली आठवडाभरात झालं नव्हतं.

आमचे पालक काय म्हणतात तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एका पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा एका वडिलांनी मला स्पष्ट विचारलं, "बाई, रापण पोरग्याक घराकडे शिकूक गावता. शाळेत तेका तां नको, भायरचा शिकवा." त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. दोराने हात सोलून निघालेला माणूस पोरासाठी दुसरं काही मागतो, ते मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. कोकणातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर दिवस काढले. इंग्रजी म्हणजे बाहेर जायची वाट, असं इथे मानतात, आणि ते खरंच आहे.

पण बाहेर जाऊन तो मुलगा कुणाशी बोलणार आहे? आमच्या किनाऱ्यावरचे किती तरी जण बोटीवर नोकरीला आहेत, किती तरी मस्कत, कुवेत, दुबईत आहेत. माझा एक माजी विद्यार्थी मालवाहू जहाजावर आहे. त्याच्यासोबत फिलिपाइन्सचे लोक आहेत, युक्रेनचे आहेत. इंग्रजी त्यांच्यापैकी कुणाचीच मायबोली नाही आणि दिवसभर सगळे तीच बोलतात. जहाजावर गैरसमज होऊन अपघात होऊ नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक सोप्या इंग्रजी वाक्यांचा संच मान्य केला. दोर, नांगर, वारा, लाट, आग, बुडणारा माणूस यांबद्दलची ती वाक्यं आहेत. म्हणजे समुद्रावरच्या कामाचं इंग्रजी जगात आहे, मोठ्या मानाने आहे आणि त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. आमच्या समुद्राकाठच्या तिसरीत तेवढं ते नाही. त्या वडिलांना मी हेच सांगितलं. त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या सभेला ते आले.

आमच्याकडच्या गोष्टींना इंग्रजीत शब्द नाहीत, असं कधी कधी ऐकायला मिळतं. त्या वेळी मला राहवत नाही. 'मॅंगो' कुठून आला? मल्याळमच्या 'मांगा'वरून, पोर्तुगीजांच्या तोंडून. 'जॅकफ्रूट'मधला 'जॅक' म्हणजे मल्याळम 'चक्का', फणस. 'कॉयर' म्हणजे 'कयर', आपला काथ्या. 'कोप्रा' आणि आपलं खोबरं यांचं नातं तर कानालाच कळतं. 'मॉन्सून' आणि आपला 'मोसम' हे दोघे एकाच अरबी शब्दाची लेकरं. ही सगळी शब्दसंपत्ती इंग्रजीने चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या व्यापारात याच पश्चिम किनाऱ्यावरून उचलली आणि जपली. ज्या हापूसने आमची ओळख जगभर नेली त्याचं नावही पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून पडलं. चौथीतल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात. सुंभ वळणाऱ्या आजीचा नातू घरी जाऊन तिला सांगतो की तुझ्या हातात आहे ते इंग्रजीत गेलंय. असं एक पान पुस्तकात का नसावं? त्याला जागा किती लागेल? अर्धं पान.

आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले आमच्यापासून फार लांब नाही. तिथले बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. प्रत्येक पानावर दोन स्तंभ असायचे, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. इंग्रजी आपल्याकडे नवखी होती तेव्हा कोकणातल्या एका तरुणाला सुचलं की इथली बातमी, इथला प्रश्न, इथली माणसं दोन्ही भाषांत शेजारी शेजारी मांडावीत. आणि नाव दिलं आरसा. त्यालाही जवळजवळ दोनशे वर्षं होत आली.

तुमच्या अडचणी मला दिसतात. एकच पुस्तक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत जातं. रापण घातली तर गडचिरोलीच्या मुलाला काय कळणार, असं तुम्ही विचाराल. पण बर्फातला माणूस, चिमणीतून येणारा म्हातारा हे आमच्या मुलांना कळेल की नाही, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, आणि मुलांना ते कळलंही. मुलांना परक्याचं वावडं नसतं. तो बर्फ काढून टाका, असं माझं मुळीच म्हणणं नाही, माझ्या मुलांना तो फार आवडतो. माझं म्हणणं उलट आहे. गडचिरोलीतली मुलगी उन्हाळ्यात पहाटे आईबरोबर मोहाची फुलं वेचायला जाते, ते माझ्या मुलांना इंग्रजीतून वाचू द्या. आमची रापण तिला वाचू द्या. उसाच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबातला मुलगा दोघांना भेटू द्या. माझ्या वर्गाला लंडनची लाल बस ठाऊक आहे, मोहाचं फूल ठाऊक नाही. आपल्याच राज्यातली लेकरं एकमेकांना इंग्रजीच्या पुस्तकात भेटली, तर इंग्रजीचं काही कमी होणार नाही.

सगळ्या बदलांना नवं पुस्तक लागत नाही. चित्रकाराने त्याच किनाऱ्याच्या पाठात मागे एक ओढलेली होडी आणि जाळं शिवणारा माणूस काढला तरी माझा अर्धा तास सोन्याचा होईल. पाऊस शिकवताना बेडूक आणि छत्रीसोबत माडाच्या झापांनी झाकलेली होडी काढा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे शाळा उघडते त्या दिवसांत आमच्या मुलांचे वडील घरी असतात. 'माय फादर इज ॲट होम' हे वाक्य त्या महिन्यांत आमच्याकडे खरं असतं, आणि 'व्हाय?' या पुढच्या प्रश्नाला मुलांकडे भरपूर उत्तर असतं. घराच्या पाठात बेडरूम-लिव्हिंग रूमच्या जोडीला पडवी, खळं, विहीर येऊ द्या, 'व्हरांडा' हा शब्द तर आहेच. पाठाच्या शेवटी चार ओळींची मोकळी चौकट द्या, तुझ्या गावात हे कसं असतं ते सांग म्हणून. आणि शिक्षकांसाठीच्या सूचनांत, उत्तरसूचीत एवढं एक वाक्य ठळक छापा की मुलाने स्वतःच्या अनुभवातून दिलेलं उत्तर बरोबर धरावं. हे एक वाक्य त्या वर्षी माझ्यासमोर छापलेलं असतं तर मी फुली मारली नसती. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्हींनी घरच्या भाषेला आणि परिसराला शिकण्यात जागा द्यायला सांगितलं आहे. म्हणजे परवानगी मागायचीही गरज उरलेली नाही.

सणांच्या पानांबद्दलही विनंती आहे. सण ठेवा, मुलांना ते हवेच असतात. पण ज्याला ईदच्या पानावर आणता त्याला गणिताच्या तासालाही बसवा, क्रिकेट खेळू द्या, पावसात भिजू द्या. मासेवालीला नाचाच्या पानावरून उतरवून बाजारात बसवा, तिच्या साध्या रोजच्या साडीत, समोर टोपली आणि कोयती घेऊन. तिच्या तोंडी एक वाक्य द्या. 'टेक इट, इट इज फ्रेश.' माझ्या वर्गातल्या पाच-सहा मुलांना तो आईचा आवाज वाटेल.

शेवटी चित्रकारांना आग्रहाचं बोलावणं. पावसाळा सरला की इथे या. राहण्याची सोय आम्ही गावात करू, जेवायला घरचं मिळेल. रापण लागली की किनाऱ्यावरून हाकाटी होते, मुलंच तुम्हाला घेऊन जातील. काय कुठे बांधतात, दोर कसा धरतात, वाटे कसे मांडतात हे ती तुम्हाला दाखवतील, मालवणीत आणि जमेल तेवढं इंग्रजीत. वही-पेन्सिल आणा, पण आधी थोडा वेळ दोराला हात लावा. तुमचाही वाटा काढला जाईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
मालवण तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग